बीटल १५०० : ऑइल टेम्परेचर सेन्सर बदलण्याच्या नोंदी

गाडी फोक्सवॅगन बीटल, १९६८ चे मॉडेल. इंजिन १४९३ सीसी, हवेवर थंड होणारे. वायरिंग १२ व्होल्टचे. ऑइल २.५ लिटर, मिनरल २०डब्ल्यू-५०. मूळ गाडीत ऑइलच्या दाबाचा फक्त लाल दिवा असतो. डॅशखालचे तापमानाचे मीटर मागाहून बसवलेले आहे, ५० ते १५० अंशांचे. सेन्सर इंजिनच्या बुडाशी, ऑइल गाळणाऱ्या जाळीच्या गोल झाकणात, ड्रेन बोल्टच्या जागी. खालचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये. काम नागपुरात.

१३ एप्रिल २०२४, शनिवार

तक्रार: मीटरचा काटा नाचतो. वर्षभर गाडी चालवताना काटा १०० ते १०५ वर शांत असायचा. महिनाभरापासून सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर ९५ ते १२५ मध्ये उड्या मारतो.

अडीच लिटर ऑइल एका सेकंदात तीस अंश तापत नाही आणि निवतही नाही. म्हणजे काटा नाचवणारी गोष्ट उष्णता नाही, कुठला तरी सैल जोड आहे. तरीही दुर्लक्ष करून चालणार नाही. या गाडीत पाणी नाही, रेडिएटर नाही. सिलिंडरच्या पंखांवरची हवा आणि ऑइल, एवढ्यावरच इंजिन थंड राहते. पुढे मे महिना आहे.

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे केली.

मीटरचे अर्थिंग: इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावले, इंडिकेटर दिला. काटा हलला नाही. मीटरचे अर्थिंग कच्चे असते तर दिव्यांच्या करंटबरोबर काटा सरकला असता. इथे दोष नाही.

गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी: बीटलचे इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतात, त्यामुळे बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध फक्त या विणलेल्या पट्टीने येतो. पट्टी गंजली की स्टार्टर मंद फिरतो आणि इंजिनवरचे सगळे सेन्सर एकदमच खोटे बोलू लागतात. दिवे लावून क्रँककेस (इंजिनचे बाहेरचे धातूचे अंग) ते बॅटरीचे ऋण टोक असे व्होल्टेज मोजले: ०.०४ व्होल्ट. ०.१ च्या आत असले की पट्टी चांगली.

सेन्सरवरचे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी): हिरवे पडलेले, थोडे सैल. घासून, पक्कडीने दाबून परत लावले. काटा नाचायचा थांबला नाही.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने जाळीच्या झाकणावर हलकेच ठोकले. प्रत्येक ठोक्याला काटा उडाला. दोष झाकणापाशीच. मगर-क्लिपच्या वायरीने सेन्सरचा षटकोन (पाना लावायचा भाग) थेट क्रँककेसला जोडला, आणि काटा स्थिर झाला, पण १२४ वर!

इंजिन नुकतेच वीस किलोमीटर चालून आलेले होते. ऑइल खरोखर १२४ असेल तर गाडी लगेच थांबवायला हवी. इंजिन बंद करून डिपस्टिकच्या नळीतून के-प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) आत सोडला. (इंजिन चालू असताना हे करू नये. वायर किती खोल गेली आणि कशाला लागली ते बाहेरून कळत नाही.) डिपस्टिक जेवढी आत जाते तेवढ्यावर वायरीला टेपची खूण केली होती. दोन मिनिटांनी आकडा १०६.

म्हणजे अर्थिंग खराब असताना मीटर (ठोके नसताना) १०४ सांगत होते, जवळजवळ खरे. अर्थिंग नीट केल्यावर १२४ सांगते, साफ चूक. दोन दोष एकमेकांना झाकत असावेत असा अंदाज आहे. मोजून बघायचे.

१५ एप्रिल, सोमवार

काल रविवार आणि आंबेडकर जयंतीही, त्यामुळे रेझिस्टर आज सीताबर्डीतून आणले. एक टक्क्याचे मेटल फिल्म: २२०, ८२, ४७ आणि १८ ओहम. सेन्सर तापतो तसा त्याचा विजेला होणारा रोध (ओहम) कमी होतो आणि मीटर तोच वाचते. या जातीच्या १५० अंशांच्या मीटरला २२० ओहम म्हणजे ६० अंश, ८२ म्हणजे ९०, ४७ म्हणजे ११० आणि १८ म्हणजे १५०. बाजारात सहज मिळणारे आकडे मीटरच्या आकड्यांवर इतके नेमके बसतात हे नशीबच.

सेन्सरवरची वायर काढून तिचे टोक आणि क्रँककेस यांच्यात एकेक रेझिस्टर लावला. वाचन अनुक्रमे ६१, ९१, १११ आणि शेवटच्या खुणेवर. मीटर बरोबर आहे. ही चाचणी मीटरपाशी न करता मागे सेन्सरच्या टोकाशी केल्याने पुढून मागे येणारी सगळी वायरसुद्धा याच मापात तपासली गेली. पाऊण चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची वायर ओहमचा दहावा भाग खाते, त्याची काळजी नको.

वायर मोकळी सोडली की काटा खाली पडतो, अर्थला टेकवली की शेवटच्या टोकाला जातो. बरेच जण एवढेच पाहून मीटरला ‘ओके’ म्हणतात. यातून मीटर जिवंत आहे एवढेच कळते. ते खरे बोलते का, हे मधल्या दोन-तीन रेझिस्टरांशिवाय कळत नाही.

आता उरला सेन्सर आणि त्याची बैठक.

२० एप्रिल, शनिवार

ऑइल कोमट असताना काढले. फार गरम असले तर हात भाजतात, गार असले तर गाळ आतच चिकटून राहतो. गाडी दोन स्टँडवर, मागची चाके अधांतरी, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर खाली शिरू नये.

खोलण्याआधी एक माप घेतले: सेन्सरचा षटकोन ते क्रँककेसची उघडी धातू, मल्टिमीटर ओहमवर, मल्टिमीटरच्याच वायरींचा ०.३ ओहम वजा करून. आले २३. झाकण हाताने दाबले की १८, सोडले की ३०. तिथे अर्ध्या ओहमपेक्षा जास्त काहीच नसायला हवे.

सेन्सर १९ च्या रिंग पान्याने सैल केला, ऑइल वीस मिनिटे गळू दिले. मग झाकणाच्या सहा एम६ नट दहाच्या गोटीने, समोरासमोरच्या क्रमाने. नट फिरताना स्टड फिरतो का याकडे लक्ष ठेवावे. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे आणि एम६ चे आटे त्यात फार जीव धरत नाहीत. आधी कुणी जोर लावलेला असेल तर नटाबरोबर स्टडही बाहेर येतो, आट्यांत राखाडी भुगा घेऊन. तसे झाले तर लेथवाल्याकडून एका बाजूला एम८ आणि दुसऱ्या बाजूला एम६ असे पायरीचे स्टड करून घ्यावे लागतात. इथे सहाही स्टड जागेवर राहिले.

झाकण बाहेर आल्यावर सगळा उलगडा झाला. ते आतून-बाहेरून काळे पावडर कोटिंग केलेले आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे जाळीच्या वर आणि खाली, कागदी पॅकिंग. नटांखालचे तांब्याचे वायसर रंगावर टेकलेले. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे. सेन्सरला अर्थ मिळण्याच्या जेवढ्या वाटा, तेवढ्यांवर काही ना काही पसरलेले. हा सेन्सर एकाच वायरीचा, त्याची परतीची वाट म्हणजे त्याचे स्वतःचे अंग. टेप एकटा सहसा संपूर्ण संपर्क तोडत नाही, आटे त्याला कुठेतरी चिरतातच. पण रंग, कागद आणि टेप तिन्ही जमले तर उरतात दोन-चार खरवडलेले ठिपके. तेवीस ओहम त्या ठिपक्यांचेच.

जाळीत धातूचा कीस नाही, थोडा काळा गाळ आणि जुन्या सिलिकॉनचे दोन तुकडे. झाकणाला सिलिकॉन लावू नये ते याचसाठी: दाबल्यावर जेवढे बाहेर येते तेवढेच आतही जाते, आणि आत पंपाची नळी आहे. या इंजिनला कागदी फिल्टर नाही. जे काही अडते ते याच जाळीत.

सेन्सरच्या षटकोनावरचे ठसे गतिरोधकांना घासून पुसले गेलेत.

२१ एप्रिल, रविवार

जुन्या सेन्सरची चाचणी. साहित्य: इंडक्शन शेगडी, छोटे पातेले, थर्मोकपल, मल्टिमीटर, अर्धा लिटर फल्ली (शेंगदाणा) तेल.

आधी पाण्यात. सेन्सरचे टोक आणि आटे बुडवायचे, वायर लावायचा खिळा कोरडा ठेवायचा. सेन्सरला तारेने टांगावे. तळाला टेकला तर तो पातेल्याचे तापमान सांगेल, पाण्याचे नाही. थर्मोकपलचे टोक सेन्सरच्या टोकाला लागून. प्रत्येक आकड्यावर दोन मिनिटे थांबून, पाणी ढवळत. तापताना एकदा आणि निवताना पुन्हा एकदा मोजावे. निवणे संथ असल्याने दुसरे वाचन जास्त भरवशाचे.

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडे वर आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ च्या आसपास उकळते. थर्मोकपल खळखळत्या पाण्यात १०० दाखवत असेल तर तो एक अंश वर आहे असे धरून पुढचे आकडे घ्यायचे. आमचा ९९.२ दाखवतो, ठीक.

शंभराच्या पुढे फल्ली तेलात. सेन्सर पुसून पूर्ण कोरडा करावा, पाण्याचा एक थेंब तापल्या तेलात पडला तर ते तोंडावर उडते. १२० पर्यंत नेले. त्या तापमानाला हे तेल धुरावत नाही, घर भजी तळल्यासारखे वासते एवढेच.

जुन्या सेन्सरची वाचने:

६० अंश – १३५ ओहम
८० अंश – ६९
९० अंश – ५१
९९ अंश – ३९
१२० अंश – २२.५

मीटरला हवे होते ६० ला २२१, ८० ला ११२, ९० ला ८३, १०० ला ६२ आणि १२० ला साधारण ३६. वाचने एकसारखी उतरत गेली, कुठे उडी नाही, तापताना-निवतानाचा फरक एका अंशात. हा सेन्सर बिघडलेला नाही. तो १२० अंशांच्या मीटरचा आहे, १५० च्या मीटरला जोडलेला. दोन्ही दिसायला जुळे भाऊ: तेच आटे, तोच षटकोन, तोच खिळा.

आता १३ तारखेचे कोडे सुटते. ऑइल खरे १०६. या सेन्सरचे ३३ ओहम. मीटर ३३ म्हणजे १२४ समजते. त्यात खराब अर्थिंगचे २३ मिळवले तर ५६, आणि ५६ ला मीटर १०४ म्हणते. जुळले.

पण खरी भीतीची गोष्ट पुढच्या हिशेबात आहे. तेच २३ ओहम कायम धरले तर वेगवेगळ्या तापमानाला काटा कुठे राहील? खरे ६० असताना ७० च्या जरा खाली. खरे १०० असताना १०० च्या जवळ. आणि खरे १२० असताना २२.५ अधिक २३, म्हणजे ४५.५, म्हणजे काटा ११२ वर. गार इंजिनला हे मीटर जास्त सांगते, मधे बरोबर वाटते आणि नेमके धोक्याच्या ठिकाणी कमी सांगते. कारण साधे आहे. तापमान वाढते तसे सेन्सरचे ओहम आटत जातात, अर्थिंगचे २३ मात्र आहेत तेवढेच राहतात. ६० अंशांना १३५ मध्ये २३ फारसे जाणवत नाहीत, १२० ला ते सेन्सरच्या स्वतःच्या आकड्याएवढे होतात. गेल्या मे महिन्यात काटा ११० ला टेकला असेल तेव्हा ऑइल किती होते हे आता फक्त हिशेबानेच सांगता येईल: ११७ च्या आसपास.

ठरवले: सेन्सर १५० चा घ्यायचा, बैठक उघड्या धातूची करायची, शिवाय अर्थसाठी वेगळी वायरही द्यायची.

२७ एप्रिल, शनिवार

मागवलेला सेन्सर आला. आटे बरोबर, एम१४ × १.५. षटकोनावर १५० चा ठसा. पण टोक लांब आहे. परत पाठवला.

कारण असे: झाकणाच्या बरोबर मध्यावर, जाळीच्या आत, पंपाच्या शोषनळीचे तोंड खाली उघडते. सेन्सर मध्यातूनच वर येतो. टोक नळीच्या तोंडाशी गेले तर ते बुचासारखे काम करते. मोजायला सेन्सरच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा लावला, झाकण पॅकिंगसकट हाताने वर बसवले, दोन नट लावले, परत काढले. मातीवर नळीचे वर्तुळ उमटले आणि टोकावर जेमतेम दोन मिलिमीटर माती उरली.

किती अंतर पुरे? नळीच्या भोकाच्या व्यासाचा चौथा भाग ही कमीत कमी मर्यादा. त्यापेक्षा अंतर कमी झाले की भोवतालून आत शिरायची वाट भोकापेक्षाच अरुंद होते. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट तरी ठेवावे, थंडीतल्या सकाळच्या घट्ट ऑइलसाठी. जुन्या सेन्सरने मातीची सहा मिलिमीटर जाडी सोडली होती. तेवढ्याच लांबीचा नवा हवा. विकणाऱ्याला आट्यांच्या मापाबरोबर बैठकीपासून टोकापर्यंतची लांबीही कळवावी, चित्रावरून ती कळत नाही.

झाकणाच्या आतला रंग काढायला पेंट रिमूव्हर लावून ठेवला.

४ मे, शनिवार

दुसरा सेन्सर. टोक आखूड, माती सहा मिलिमीटर. याला दोन खिळे आहेत. एकावर ‘जी’, तो मीटरचा. दुसऱ्यावर ‘डब्ल्यूके’, तो धोक्याच्या दिव्याचा खटका, ठरावीक तापमानाला अर्थ होतो. वायर चुकून त्यावर लागली तर काटा कायम खाली पडून राहतो आणि नवा सेन्सर मेलेला निघाला असे वाटते. दोन खिळ्यांची आणखी एक जात असते, जिचे अंग अर्थपासून वेगळे असते आणि दुसरा खिळा परतीच्या वायरीचा असतो. आपला त्यातला नाही: ‘जी’ आणि अंग यांच्यात सरळ ओहम मिळतात.

बसवण्याआधी पुन्हा पातेले. ६० ला २१९, ८० ला १११, ९० ला ८२, ९९ ला ६४, १२० ला ३६.५. नव्या पुडीतला म्हणून तसाच बसवायचा नाही, ही सवय अर्ध्या तासाची आहे आणि त्यात २.५ लिटर ऑइल पुन्हा काढायचे वाचते.

खोलीच्या तापमानाला, ३४ अंशांना, सहाशेच्या आसपास आकडा येतो. मीटर ५० च्या खाली काही दाखवत नाही, त्यामुळे सकाळी काटा मेल्यासारखा पडलेला असणे साहजिक आहे.

५ मे, रविवार

बसवणी.

झाकण काचेवर पालथे ठेवून पाहिले. सहाही भोकांभोवती पत्रा आत दबलेला, आधी कुणीतरी फार आवळल्याची खूण. सपाट लोखंडावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू सरळ केले. हे केले नाही तर पॅकिंग भोकांपाशी दाबले जाते आणि दोन भोकांच्या मधून गळते.

रंग तीन ठिकाणी पूर्ण काढला: सेन्सरच्या वायसरची बैठक, आतले आटे (एम१४ × १.५ चा टॅप हाताने एकदा फिरवून), आणि सहा भोकांभोवतीची बाहेरची चकती. बाकीचा बाहेरचा रंग राहू दिला, गंजापासून तो चांगला. आतला मात्र सगळा काढला. तापल्या ऑइलमध्ये सुटलेला पोपडा थेट जाळीत जातो.

जाळी डिझेलने धुऊन, हवेने सुकवून. शोषनळी जाळीच्या भोकात घट्ट बसते का ते पाहिले. ती सैल असेल तर पंप न गाळलेले ऑइल ओढतो. नवी दोन पॅकिंग, कोरडी, दोन्ही बाजूंना ऑइलचे नुसते बोट फिरवून. स्टडना नवे तांब्याचे वायसर. नट ७ न्यूटन-मीटर, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. सात म्हणजे छोट्या रॅचेटला दोन बोटांनी लावलेला जोर. टॉर्क पाना नसेल तर लांब दांड्याचा पाना हातातच घेऊ नये.

सेन्सर: टेप नाही, पेस्ट नाही. गळती थांबवण्याचे काम तांब्याच्या वायसरचे आहे, आट्यांचे नाही. हे आटे सरळ आहेत, निमुळते नाहीत. सेन्सर पितळी असल्याने ड्रेन बोल्टचा ३४ चा आकडा त्याला लावला नाही, २० वर थांबलो.

षटकोन ते क्रँककेस आता ०.२ ओहम. तरीही एका नटाखाली थिंबल घालून दीड चौरस मिलिमीटरची अर्थ वायर क्रँककेसवरच्या टिनवेअरच्या (इंजिनभोवतीच्या पत्र्याच्या) स्क्रूपर्यंत नेली. टिनवेअरचा रंगही तिथे खरवडला, नाहीतर एका रंगावरून दुसऱ्या रंगावर गेल्यासारखे.

मीटरच्या वायरीचा शेवटचा अर्धा मीटर बदलला. सिलिकॉनच्या आवरणाची वायर, तीवर फायबरग्लासची स्लीव्ह. ती हीटरच्या डब्यांपासून आणि सायलेन्सरपासून दूर, झाकणाच्या कडेने वर. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण इथे एका उन्हाळ्यात कडक होऊन तडकते, मग वायर अर्थ होते आणि काटा १५० वर जाऊन बसतो. सेन्सर गाडीच्या जवळजवळ सगळ्यात खालच्या जागी आहे, त्यामुळे वायर मागच्या बाजूने नेली, पुढून नाही. गतिरोधक पुढून येतो.

ऑइल २.५ लिटर. कॉइलची वायर काढून, दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर पाच-पाच सेकंद फिरवला, मग चालू केले.

वीस मिनिटांनी मीटर ८४, इंजिन बंद करून डिपस्टिकच्या नळीतून ८३. झाकणावर ठोकून पाहिले, काटा ढिम्म.

१२ मे, रविवार

आठवड्यात १८० किलोमीटर. सेन्सरखाली एक थेंब. नट कोरडे, वायसरच्या कडेने ओल. वायसर चुकून जुनाच लागला होता. दाबून कडक झालेले तांबे दुसऱ्यांदा बसत नाही. सेन्सर आणखी आवळून गळती थांबवायचा मोह टाळला, पितळी आटे त्यातच जातात. नवा १४ मिमीचा वायसर गॅसवर लाल करून, निवू देऊन, लावला. जवळ नवा नसता तर जुनाच लाल करून मऊ करता आला असता. सेन्सर काढताना ऑइल स्वच्छ भांड्यात झेलले आणि तेच परत भरले.

२६ मे, रविवार

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) कालपासून. मीटर आता खरे बोलते म्हणून प्रत्यक्ष रस्त्यावरची वाचने घेतली. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन परत, दुपारी तीननंतर. बाहेर सावलीत ४४.

ताशी ६० ला काटा १०३ वर टिकला. ७० ला १०८. ८० ला दहा मिनिटांत ११५, आणि तो अजून वर सरकत होता, तेव्हा वेग कमी केला. टोलपाशी उभे राहिल्यावर दोन मिनिटांत आणखी तीन अंश चढला, चालू लागल्यावर उतरला. थांबल्यावर थोडा चढणे ठीक. चालू लागूनही उतरत नसेल तर ते ठीक नाही.

आमची मर्यादा अशी ठेवली आहे: ८० ते १०५ निर्धास्त, ११० ला वेग कमी, १२० ला सावली बघून थांबणे. मिनरल २०डब्ल्यू-५० शंभराच्या पुढे झपाट्याने पातळ होते, आणि १२० नंतर गरम आयडलिंगला लाल दिवा लुकलुकू लागतो.

८० ला ११५ हे जास्त आहे. जुन्या सेन्सरवर मीटरने इथे ११० दाखवले असते आणि कुणी खाली वाकून पाहिलेही नसते. पाहिले तर इंजिनच्या खोलीभोवतीची रबरी सील डाव्या बाजूला हातभर तुटलेली. वरचा पंखा गार हवेऐवजी खालून सायलेन्सरची तापलेली हवा ओढत होता.

इन्फ्रारेड बंदुकीनेही झाकण मोजले. रंग राहिलेल्या भागावर १०१, घासलेल्या चकचकीत चकतीवर ५८, एकाच पत्र्यावर, एकाच क्षणी. चकचकीत धातूवर ही बंदूक निरुपयोगी आहे, तिथे काळ्या मार्करचा ठिपका लावून मगच मोजावे. शिवाय ती पत्र्याचे तापमान सांगते, ऑइलचे नाही.

२ जून, रविवार

सील बदलली. तोच रस्ता, तीच वेळ, बाहेर ४३. ताशी ८० ला काटा १०९ वर स्थिर. बाहेरचा एक अंश वजा केला तरी पाच अंश सीलचे.

गुरुवारी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि दिवसभर फोन वाजत राहिले. सेन्सर बिघडल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. त्या दिवशी गाडी बाहेर काढली नव्हती.

थर्मोकपल, चार रेझिस्टर आणि मगर-क्लिपची वायर एका डब्यात घालून मागच्या सीटखाली, बॅटरीच्या विरुद्ध बाजूला ठेवली. जुना १२० चा सेन्सर चांगला आहे, १२० च्या मीटरला चालेल; त्याला तशी चिठ्ठी बांधली. पुढचे ऑइल २५०० किलोमीटरवर. तेव्हा षटकोन ते क्रँककेस पुन्हा मोजायचे: अर्ध्या ओहमच्या वर गेले तर नटाखालचे थिंबल आधी पाहायचे.